जरीची वायर

माझा थोरला भाऊ कौतिक विमानात बसून घरी आला, ही गोष्ट बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात अजून सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. पुढचं मलाच सांगावं लागतं, कारण ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

लढाईच्या दिवसांत कौतिक हवाई दलात वायरलेसचा मेकॅनिक होता. वडील लवकर गेले होते, इच्छापूरकडची थोडी कपाशीची जमीन काकांच्या हातात गेली होती. घरात माय, मी आणि तो. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण. लढाई संपल्यावर त्याला नारळ मिळाला तसा तो घरी येऊन बसला. बुऱ्हाणपुरात तेव्हा रेडिओ होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही मेले बिघडत नसत. मग सातपुड्यातल्या एका छोट्या संस्थानात त्याला काम लागलं. तिथल्या राजेसाहेबांनी लष्कराच्या लिलावातून दोन माणसं बसतील एवढं विमान उचललं होतं. राज्य एवढंसं की विमान वळायला जरा उशीर झाला तर दुसऱ्याच्या हद्दीत जायचं. पण विमान होतं, त्याला पायलट होता, आणि त्यातलं वायरलेस सांभाळायला आमचा भाऊ होता. माय ते सांगताना पदर सावरून बसायची.

मग विलीनीकरण आलं. राजेसाहेबांनी सही केली, मोटारी आणि बंदुका सरकारजमा झाल्या, आणि विमान नागपूरला पोचवायचा हुकूम निघाला. पायलट सुरेशराव मूळचे इंदूरचे, हसतमुख गृहस्थ. ते पुढे बसले, कौतिक मागे. वाटेत इंजिन तेल गाळायला लागलं म्हणून सुरेशरावांनी बुऱ्हाणपूरच्या बाहेर, तापीकाठच्या माळावर विमान उतरवलं. म्हणजे माझा भाऊ नोकरीसकट घराच्या दाराशी उतरला. सगळं गाव लोटलं. मायनं विमानाला हळदकुंकू लावलं आणि भाकरतुकडा ओवाळून टाकला.

नागपूरला तार केली. उत्तर आलं, पुढचा हुकूम येईपर्यंत विमान आहे तिथेच सांभाळून ठेवा. तो पुढचा हुकूम काही येईना. हे विमान पोलीस खात्याचं, महसूल खात्याचं की कोणाचं, हेच तिकडे ठरत नव्हतं. संस्थान बुडालं होतं आणि सरकारनं या दोघांना अजून आपलं म्हटलं नव्हतं. इंजिनाचं तेल गळणं सुरेशरावांनी थांबवलं. कौतिक रोज सकाळी सायकलवर माळावर जायचा, ताडपत्री काढायचा, धूळ पुसायचा आणि पुन्हा ताडपत्री घालायचा. मी म्हणायची, "एवढी सेवा देवाची केली असतीस तर पावला असता." तो हसायचा. तेव्हा हसायचा.

शेवटी थंडीच्या सुरुवातीला पत्र आलं. नागपूरहून एक साहेब तपासणीला येणार. तापीच्या पुरात गावं पाहायला सरकारला लहान विमान हवं होतं. विमान आणि त्यातलं वायरलेस धड निघालं तर सरकार ते ठेवून घेईल, आणि पायलट आणि मेकॅनिक, दोघांनाही. नाही निघालं तर विमान भंगारात. पत्राबरोबर एक पेटी होती. त्यात नवा हेडफोन. जुन्या हेडफोनबरोबर मायक्रोफोन हातात धरून बोलावं लागे. नव्याचा मायक्रोफोन गळ्याला पट्ट्यानं बांधायचा, म्हणजे पायलटचे दोन्ही हात मोकळे. साहेब येईपर्यंत हा नवा बसवून तयार ठेवा, असं लिहिलं होतं.

कौतिकनं पेटी उघडली तेव्हा मी शेजारी होते. त्यानं मायक्रोफोनचा पट्टा गळ्याला लावून पाहिला. मग म्हणाला, "शारदे, हे झालं की मायले सांग, पाह्य म्हणा पोरगी." इतके दिवस लग्नाचा विषय काढला की तो अंगावर यायचा. वायरलेसखेरीज त्याला काही येत नव्हतं आणि वायरलेसला आमच्या गावात कोणी विचारत नव्हतं. ही नोकरी हुकली तर पुन्हा तशी मिळणार नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

नवा हेडफोन लावून सुरेशरावांनी इंजिन चालू केलं आणि लगेच कानावरून उपटून काढला. मीही लावून पाहिला. आत नुसतं गुणगुण, गांधीलमाश्यांचं पोळं कोणी कानाला बांधावं तसं. इंजिनात ठिणग्या पडतात त्यांचा आवाज वायरलेसमध्ये शिरतो, जुना हेडफोन बहिरट असल्यामुळे तो कळत नव्हता, असं कौतिकनं मला समजावलं. मग त्यानं इंजिनाच्या तारांना वरून तांब्याची जाळी गुंडाळली, तिची टोकं विमानाच्या सांगाड्याला घट्ट जोडली, गंजलेल्या जागा घासून चकचकीत केल्या. गुणगुण गेली.

मग दुसरंच. आवाज स्वच्छ, पण विहिरीच्या तळातून येतोय इतका बारीक. जुनं वायरलेस आणि नवा हेडफोन यांचं जमत नव्हतं, मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायला हवा होता. राजपुऱ्यातल्या एका व्यापाऱ्याकडे बंद पडलेला रेडिओ होता. कौतिकनं तो मागून आणला, आतला ट्रान्सफॉर्मर काढला, त्याचे वेढे उलगडून पुन्हा आपल्या हिशेबानं गुंडाळले. आवाज मोठा झाला. सुरेशराव खुशीत येऊन त्या हेडफोनमध्ये गाणं म्हणाले. त्यांचा गळा बरा होता असं म्हणवत नाही.

पण मान वळवली की खरखर सुरू. आवाज जाई, येई, पुन्हा जाई. कौतिकनं हेडफोनची वायर चाचपत नेली. प्लगच्या जवळ ती आतून तुटलेली होती, पेटीत मुडपून ठेवल्यामुळे की कशानं, देव जाणे. मुंबईला दुसरी वायर मागवली तर नाही म्हणून कळवलं.

त्यानं ओट्यावर बसून ती वायर चिरली आणि मला हाक मारली. "शारदे, इकडे ये बरं. हे पाह्य काय आहे."

वरचं सुती वेष्टण काढलं होतं. आत साधी तार नव्हती. सुताच्या बारीक धाग्यावर तांब्याची चपटी तार नागमोडी गुंडाळलेली होती, आणि असे कितीतरी धागे एकत्र पिळलेले. आमच्या गावच्या कोणत्याही बाईनं ते अंधारातसुद्धा ओळखलं असतं.

"ही तर कलाबतू," मी म्हणाले.

"जरीच आहे ही," तो म्हणाला. "मऊ राहावी, वाकली तरी तुटू नये म्हणून अशी करतात. तिकडे विलायतेत बसून जरी करून राह्यले अन् आपण मुंबईले पत्रं लिहून राह्यलो." त्याचा चेहरा इतका उजळला होता की मलाही हसू आलं.

सुरेशरावांना हे पटलं नाही. ते म्हणाले, "अरे भाई, लाइटची वायर लाव आणि मोकळा हो. साहेबाला काय कळतंय?"

"लाइटची वायर जड असते," कौतिक म्हणाला. "मान हलवली की हेडफोन ओढते. अन् रोज वाकून वाकून एक दिवस तुटते. लावायचं तर बराबर लावू ना."

त्यानं त्या दिवशी लाइटची वायर लावली असती तर हे सगळं लिहायची पाळी माझ्यावर आली नसती. पण बुऱ्हाणपूरचा माणूस, त्याला जरी हवी असताना जरी नाही म्हणून कसं चालेल?

जरी करायची तर गोदाबाईकडेच. आमच्या समोरच्या दारची. जन्मभर चपटी तार सुतावर गुंडाळत आलेली, नजर अधू झाली तरी बोटं शाबूत. व्यापारी तिची जरी गालावरून फिरवून बघत. कुठे खरखरलं तर भाव पाडायला बरं. गोदाबाईची जरी कधी खरखरली नाही. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो होतो, पाऊस पडतो म्हणावं तसं.

कौतिक तिच्यापुढे उकिडवा बसला. "मावशी, तांब्याची जरी पाह्यजे. मुलामा नको, चांदी नको."

"कायले रे? लुगड्याले कोणी तांब्याची लावते का?"

"विमानाले लावायची आहे."

गोदाबाईनं हातातली फिरती चाती थांबवली आणि त्याच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "तुझा भाऊ थट्टा करून राह्यला का माझी?" मी नाही म्हटल्यावर ती एकदम गंभीर झाली. पदर नीट केला. "मंग चांगली करा लागीन बा. सरकारी काम आहे."

तिनं खरंच जीव ओतला. तारवाल्यांकडून तांब्याची तार आली, ती चपटी करून घेतली, आणि गोदाबाई हातातलं लग्नसराईचं काम बाजूला ठेवून तीच गुंडाळत बसली. मग नाडे विणणाऱ्याकडून कौतिकनं त्यावर सुती नळी विणून घेतली. वायर इतकी देखणी झाली होती की माय म्हणाली, उरली तर मले करदोडा कर. कौतिकनं मीटर लावून पाहिलं, काटा सरळ टोकाला जाऊन थांबला, म्हणजे वीज कुठे अडत नव्हती. माळावर इंजिन चालू करून सुरेशराव आत बसले, कौतिक जमिनीवरच्या दुसऱ्या वायरलेसवर बसला, आणि दोघं शेजारी बसल्यासारखे बोलले. उडवून पाहायचं राहिलं, कारण पेट्रोल मिळत नव्हतं. होतं ते तपासणीच्या दिवसापुरतं राखून ठेवलं होतं.

साहेब आले ते सकाळच्या गाडीनं. किडकिडीत, मफलर गुंडाळलेले, फारसं न बोलणारे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला बरं झालं असतं, शिव्या द्यायला कोणी तरी मिळालं असतं. माळावर टेबल मांडलं होतं, त्यावर जमिनीवरचं वायरलेस. अर्धा शनवारा दोरीच्या पलीकडे उभा होता. गोदाबाई सगळ्यांत पुढे, नवं लुगडं नेसून. मी शाळेतून रजा काढली होती.

विमान उडालं. साहेबांनी मायक्रोफोन हातात घेतला. "माझा आवाज येतोय?"

"एकदम स्वच्छ, साहेब," सुरेशराव म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. कौतिक साहेबांच्या मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"असीरगडाकडे जा. किल्ला दिसला की सांगा, मग मी सांगेन तेव्हा वळा."

"जातो साहेब."

विमान लहान होत गेलं. थोड्या वेळानं सुरेशरावांचा आवाज आला, "किल्ला दिसतोय. खालची गावं..." आणि खरखर. मग काही नाही.

"वळा," साहेब म्हणाले. उत्तर नाही. "ऐकू येतंय का? वळा." पुन्हा खरखर, एक तुटका शब्द, पुन्हा शांत. साहेबांनी मायक्रोफोन कौतिकला दिला. कौतिक बोलत राहिला. आधी इंग्रजीत, त्याला शिकवलं होतं तसं. मग मराठीत. "सुरेशराव, आवाज येऊन राह्यला का? सुरेशराव." विमान दिसेनासं झालं. मला वाटलं, नोकरी गेली खड्ड्यात, तो माणूस परत येऊ दे.

सुरेशराव परत आले. हुकूम ऐकू न आल्यामुळे किल्ल्याच्या पलीकडे जाऊन, वाट पाहून, आपल्या मनानं वळून आले. उतरल्याबरोबर म्हणाले, "खाली पाहायला वाकलो की आवाज जायचा. सरळ बसलो की कधी यायचा, कधी नाही."

कौतिक धावत जाऊन विमानात बसला. हेडफोन लावला. "हॅलो," तो म्हणाला, आणि टेबलावर त्याचा आवाज खणखणीत आला. त्यानं वायर वाकवली, हलवली, मग मांडीवर सैल धरून मीटर लावला. काटा सरळ टोकाला. साहेबांनी स्वतः हेडफोन लावून पाहिला. त्यांनाही सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"साहेब, लाइटची वायर लावून एक चक्कर मारू द्या," सुरेशराव म्हणाले.

"पेट्रोल आहे?"

नव्हतं. साहेब हेडफोन काढून टेबलावर ठेवत म्हणाले, "जमिनीवर आवाज येतो हे मी पाहिलं. जमिनीवर मी हाक मारूनही बोलू शकतो." ते त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले.

त्यानंतर कौतिकनं काय केलं नाही? ट्रान्सफॉर्मर सोडवला, पुन्हा बांधला. जाळी उतरवली, पुन्हा चढवली. गळ्याचा मायक्रोफोन उघडला, प्लग बदलला, वायरलेसमधला एकेक जोड तापवून पक्का केला. स्वतःच्या हातचं सगळं त्यानं संशयानं उलटंपालटं केलं. वायरवरून मात्र एकदा मीटर फिरवला आणि ती बाजूला ठेवली. सापडत नाही असा बिघाड माणसाला खातो. तो जेवताना घास हातात धरून बसायचा आणि माय त्याच्याकडे बघत बसायची.

हुकूम आला. वायरलेस भरवशाचं नाही, विमान मोडीत काढावं. भंगारवाल्यानं पंख सोडवून बैलगाडीवर घातले, आणि ती गाडी शनवारा दरवाजातून जाईना, पंख अडकायला लागले. लोक हसले. मीही हसले असते, पण कौतिक गाडीच्या मागे उभं राहून पंख तिरका धरत होता, कुठे खरचटू नये म्हणून. भंगारात जाणाऱ्या पंखाला खरचटू नये म्हणून. मला तिथेच रडू कोसळलं.

सुरेशराव इंदूरला गेले, मोटारीच्या धंद्यात पडले. कौतिक गिरणीत लागला, मागाच्या खात्यात. तिथे इतका आवाज असतो की कोणी कोणाशी बोलत नाही, खुणेनंच भागवतात. हेडफोन भंगारवाल्यानं नेला, वायर तेवढी कौतिकनं काढून घेतली होती. ती फडताळात पडून राहिली.

गोदाबाई त्या दिवसानंतर आजारी पडली होती, त्यामुळे तिला काही नीट कळलं नव्हतं. उठून बसायला लागली तशी तिनं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. वायर कौतिकनं आठवण म्हणून ठेवून घेतली आहे एवढं तिला मायकडून कळलं होतं, म्हणून तीही आणायला सांगितली.

"विमान गेलं म्हणे नागपूरले," ती म्हणाली.

"हो, मावशी," कौतिक म्हणाला.

"माझी जरी चालली ना?"

"चालली."

गोदाबाईनं वायर हातात घेतली, गालावरून फिरवली आणि खुदकन हसली. "लय नाजूक तार होती बा. सारखी तुटे. पाच-सहा जागी जोडली म्या. टोकावर टोक ठेवायचं अन् अंगठ्यानं दाबत गुंडाळत न्यायचं, माझ्या सासूनं शिकवलं होतं मले. सांग बरं, कुठं जोडली?"

लुगड्याच्या काठाला असा जोड चालतो. काठातून वीज जात नाही. नुसतं टोकावर टोक ठेवलेलं, जमिनीवर सैल असताना चिकटून राहणारं, आणि माणूस वाकला, वायर ताणली की सुटणारं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात कौतिकनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला गप्प बसावं लागलं.

त्यानं वायर घेतली. एका टोकापासून अंगठा दाबत दुसऱ्या टोकापर्यंत नेला. सावकाश. पुन्हा मागे आणला.

"नाही सापडत, मावशी," तो म्हणाला.

"सापडणारच नाही," गोदाबाई म्हणाली. तिला एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती. "थोडी उरली आहे माझ्यापाशी. तुझ्या लग्नात मुंडावळ्याले घालीन."

"ठेवा, मावशी."

घरी आल्यावर मी त्याच्यावर ओरडले. सांगायला काय झालं होतं? म्हातारीच्या जोडापायी सगळं गेलं, आणि वर ही मिरवणार?

"तिनं तिचं काम बराबर केलं," तो म्हणाला. "जोड दिसायला नको, एवढंच तिले माहीत. मी विचारायले पाह्यजे होतं. बाहेरचा कोणी असता तर त्यानं पह्यले हेच विचारलं असतं, बाई, जोड तर नाही ना? मी नाही विचारलं. गोदाबाईच्या जरीत जोड आहे का, असं आपल्या गावात कोणी विचारते का?"

मग त्यानं मीटर काढला, वायरची दोन्ही टोकं लावली आणि ती दोन्ही हातांनी थोडी थोडी ताणत पुढे सरकला. एका जागी काटा धाडकन खाली आला. त्यानं ओढ सोडली, काटा वर गेला. पुन्हा ओढली, पुन्हा खाली.

"सापडला," तो म्हणाला. तो जोड पक्का करायला त्याला फार वेळ लागला नसता. त्यानं मीटर पिशवीत घातला आणि गिरणीच्या पाळीला निघून गेला.

मायनं नंतर मुली पाहिल्या. तो प्रत्येक वेळी पुढच्या वर्षी म्हणायचा. शेवटी मायनं विचारणं सोडलं आणि मग ती गेली. गोदाबाईही गेली. तिची सून दहाव्यानंतर कागदात गुंडाळलेली ती उरलेली तांब्याची जरी घेऊन आली, सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणाली, कौतिकच्या लग्नासाठी. कौतिक तेव्हा पन्नाशीला आला होता, आणि मागांच्या गोंगाटानं त्याला ऐकू येणंही कमी झालं होतं. मी त्याच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, गोदाबाईची जरी आली आहे.

त्यानं ती हातात घेतली, अंगठा दाबत टोकापर्यंत नेला, आणि माझ्या हातात परत दिली.